फोटो हातात येऊ देत!

पूर्वी घरात फोटोंचा अल्बम कुणाच्या ताब्यात असायचा, आठवतंय? कपाटाच्या खालच्या कप्प्यात, लग्नातल्या शालूच्या खाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात तो ठेवलेला असायचा आणि कपाटाची किल्ली आईच्या कमरेला. पाहुणे आले की चहानंतर अल्बम बाहेर यायचा. ‘‘ही कोण गं?’’ ‘‘ही नाशिकची मावशी. हिच्या लग्नात काय पाऊस पडला होता!’’ अशी एकेका फोटोला एकेक गोष्ट चिकटलेली. घराचा इतिहास सांगायचं काम बहुतेक घरांत बाईकडेच होतं आणि अल्बम ही तिची वही होती.

आता फोटो प्रत्येकाच्या खिशात आहेत. एकेकाच्या मोबाइलमध्ये पाच-दहा हजार! पण भाचीच्या बारशाचा एक फोटो दाखवायचा म्हटलं, तर सुप्रभातचे गुलाब, लाइटचं बिल, औषधाची चिठ्ठी आणि साडीच्या दुकानातली बावीस छायाचित्रं ओलांडत अंगठा दुखेपर्यंत सरकवत बसायचं. तोवर समोरची व्यक्ती ‘‘असू दे, नंतर दाखव’’ म्हणून मोकळी होते. फोटो वाढले आणि बघणं कमी झालं, असं झालंय खरं.

बरं, ते तिथे तरी सुरक्षित आहेत का? मोबाइल पाण्यात पडला, चोरीला गेला की संपलं. ‘गुगल फोटोज’वर आहेत म्हणावं, तर तिथली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता ईमेल वगैरे सगळं धरून १५ जीबीच फुकट. शिवाय दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला गुगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली. घरातलं एखादं माणूस गेल्यावर त्याच्या खात्याचा पासवर्ड कुणाला ठाऊक असतो? इंटरनेटच्या जनकांपैकी एक मानले जाणारे आणि तेव्हा खुद्द गुगलमध्येच उपाध्यक्ष असणारे व्हिंट सर्फ यांनी २०१५ साली जाहीरपणे सांगितलं होतं, की जे फोटो जिवापाड जपायचे आहेत ते कागदावर छापून ठेवा. त्यांनी सांगितलं, म्हणजे विचार करायलाच हवा, नाही का?

म्हणून मी घरच्या घरी फोटो छापायचं मनावर घेतलं. दुकानं पालथी घातली, ओळखीच्या फोटो स्टुडिओवाल्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, चार घरांतले प्रिंटर चालताना पाहिले. तुमचा तेवढा वेळ वाचावा, म्हणून हा खटाटोप.

आधी घर बघा, मग प्रिंटर

दुकानात गेल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘‘सगळ्यात चांगला कुठला?’’ प्रश्न खरं तर असा हवा : आपल्या घरात महिन्याला किती फोटो छापले जाणार आहेत?

एक हिशेब मांडू या. समजा, प्रिंटर वीस हजारांचा. स्टुडिओत चार बाय सहाच्या एका प्रिंटला पंधरा रुपये पडतात आणि घरी शाई-कागद धरून आठ. म्हणजे एका फोटोमागे सात रुपये वाचले. वीस हजार वसूल व्हायला साधारण २,८५७ फोटो छापायला हवेत. दर आठवड्याला न चुकता दहा छापले तरी साडेपाच वर्षं! तुमच्या गावातले दर घालून हा हिशेब तुम्हीच करून बघा. पैसे वाचवायला म्हणून घरी फोटो छापू नयेत, हे त्यातून लगेच लक्षात येईल. घरी छापायचं ते हाताशी असण्यासाठी. रविवारी सगळे जेवायला जमले, निघताना प्रत्येकीच्या हातात त्या दिवसाचा फोटो ठेवता आला, हे सुख स्टुडिओच्या पावतीत मिळत नाही.

माझ्या मते घरं तीन प्रकारची असतात. पहिलं, वर्षातून एकदा-दोनदाच छापणारं. त्यांनी प्रिंटर घेऊच नये. फोटो निवडावेत, पेनड्राइव्हवर घ्यावेत आणि सरळ लॅब गाठावी. चांगल्या लॅबमध्ये अजूनही खऱ्या फोटोकागदावर प्रकाश पाडून, रसायनात धुऊन प्रिंट काढले जातात आणि ते उत्तम टिकतात.

दुसरं घर, सणासुदीला किंवा मनात येईल तेव्हा दहा-वीस फोटो छापणारं. मधले दोन महिने मशीनकडे कुणी बघणारही नाही. अशा घराला डाय-सब्लिमेशन पद्धतीचा छोटा प्रिंटर बरा. कॅननचा ‘सेल्फी’ हा त्यातला माहितीतला. (हा सेल्फी आपल्या मोबाइलवरच्या सेल्फीहून वेगळा, स्पेलिंगही निराळं!) यात शाई पातळ नसतेच. प्लॅस्टिकच्या रिबनवर रंगाचे थर असतात आणि उष्णतेने तो रंग कागदाच्या थरात उतरतो. कागद चार वेळा आतबाहेर करतो : पिवळा, किरमिजी, निळा आणि शेवटी पारदर्शक संरक्षक थर. मुलं तर ते बघायलाच जमतात. शाई वाळणं नाही, नळी तुंबणं नाही. रिबन आणि कागद जोडीनेच मिळतात, त्यामुळे एका फोटोचा खर्च आधीच ठाऊक असतो. १०८ फोटोंचा मोठा संच मिळतो; जपमाळेच्या मण्यांइतके! खोट एवढीच, की पोस्टकार्डापेक्षा मोठा फोटो यावर निघत नाही आणि मुलांच्या प्रकल्पाची पानंही छापता येत नाहीत.

तिसरं घर, जिथे आठवड्याला काही ना काही छापलं जातं. शाळेचे प्रकल्प, फॉर्म, आमंत्रणपत्रिका आणि फोटोही. त्यांच्यासाठी बाटलीतून शाई भरायचा इंकटँक प्रिंटर. पण तो घेताना पुढची गोष्ट नीट वाचा.

चार रंग की सहा?

घरगुती इंकटँक प्रिंटरमध्ये बहुधा चार शाया असतात : काळी, निळसर, किरमिजी, पिवळी. कागदपत्रांसाठी एवढ्या भरपूर. फोटोत मात्र गालाचा, कपाळाचा उजळ भाग दाखवताना गडद शाईचे ठिपके विरळ पेरावे लागतात आणि चेहऱ्यावर बारीक रवा सांडल्यासारखं दिसतं. दुसरं म्हणजे, अशा बऱ्याच मॉडेल्समध्ये काळी शाई अक्षरांसाठीची, पिगमेंटची असते आणि ती चकचकीत फोटोकागदावर वापरलीच जात नाही. काळा रंग बाकीच्या तिघींच्या मिश्रणातून बनवला जातो. मग काळेभोर केस तपकिरी दिसतात आणि काळ्या चंद्रकळेवर हिरवट झाक येते. संक्रांतीचे फोटो छापायचे म्हटल्यावर हे चालायचं नाही!

म्हणून फोटो हे मुख्य काम असेल तर सहा रंगांचा प्रिंटर बघावा. एप्सनच्या एल८०५ किंवा त्यानंतरच्या एल८०५० मध्ये फिकट निळसर आणि फिकट किरमिजी अशा दोन जादा शाया आहेत. त्यामुळे त्वचेचा रंग सलग येतो. कॅननच्या जी५७० आणि जी६७० मध्ये लाल आणि करडी अशी जादा जोडी आहे. मॉडेल्स बदलत राहतात, तेव्हा नंबर पाठ करू नका. ‘‘किती रंगांचा? आणि काळी शाई फोटोकागदावर चालते का?’’ हे दोन प्रश्न तेवढे पाठ करा. खोक्यावर ‘५७६० डीपीआय’ असं ठळक छापलेलं असतं, त्याने हुरळून जाऊ नका. तो शाईचे थेंब किती दाट पडू शकतात याचा आकडा आहे, फोटोच्या बारकाव्याचा नव्हे.

लेझर प्रिंटरचं काय, असं एका मैत्रिणीने विचारलं. लेझर अक्षरांसाठी उत्तम, फोटोंसाठी नाही. आणि एक सावधगिरी : इंकजेटचा चकचकीत फोटोकागद लेझर प्रिंटरमध्ये मुळीच घालू नका. आतल्या उष्णतेने त्याचा थर वितळून रोलरला चिकटू शकतो आणि दुरुस्तीचा भुर्दंड पडतो.

आणखी एक खेळण्यासारखा प्रकार मिळतो. तळहाताएवढा, बिनशाईचा ‘झिंक’ प्रिंटर. रंग कागदातच असतो, उष्णतेने उमटतो. दोन बाय तीन इंचाचे मागे चिकट असलेले फोटो निघतात. वाढदिवसाला, मुलींच्या वहीत चिकटवायला छान. पण आजीचा जपायचा फोटो त्यावर छापू नये, एवढंच.

कागदात कंजुषी नको

आमच्या शेजारच्या वहिनींनी सहा रंगांचा चांगला प्रिंटर घेतला आणि तक्रार सुरू, ‘‘अहो, सगळे फोटो मळके येतात.’’ जाऊन पाहिलं, तर कागद उत्तम होता. पण संगणकावर छपाईच्या खिडकीत कागदाचा प्रकार ‘साधा कागद’ असाच राहिला होता. तो बदलून ‘ग्लॉसी फोटो पेपर’ केला आणि तोच फोटो उजळून निघाला. प्रिंटरला कागद दिसत नसतो, आपण सांगू तेवढाच कळतो. साध्या कागदासाठी तो वेगळ्या प्रमाणात शाई सोडतो. नव्वद टक्के भांडण इथेच मिटतं, असं माझं मत झालंय.

साधा झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो; फोटोसाठी १८० पासून २६० पर्यंतचा घ्यावा. चकचकीत कागदावर रंग खुलतात, पण बोटांचे ठसे उमटतात. मॅट कागद ठशांना दाद देत नाही आणि जुन्या कृष्णधवल फोटोंना शोभतो. या दोहोंच्या मधला सॅटिन किंवा लस्टर हा मला सगळ्यात आवडतो. एक पाकीट आणून बघा, मग गठ्ठा घ्या. आणि टिकाऊपणा हा शाई आणि कागद दोघांच्या जोडीवर अवलंबून असतो, हे विसरू नका. स्वस्तातली भरीची शाई अभ्यासाच्या पानांना ठीक. पण मुंजीचा फोटो भिंतीवर लावून वर्षभरात पिवळट पडला, तर वाचलेले पैसे आठवत नाहीत.

फोटोला पाठवताना चुरगाळू नका

आता सॉफ्टवेअर. नाव ऐकूनच कित्येक जणी मागे सरतात. पण त्याआधीची एक साधी गोष्ट : छापायचा फोटो मूळचा हवा. व्हॉट्सअॅपवरून नेहमीसारखा आलेला फोटो आकसलेला असतो; साधारणपणे त्याची लांब बाजू १६०० ठिपक्यांच्या आसपास उरते. चांगल्या प्रिंटसाठी एका इंचात ३०० ठिपके धरतात. म्हणजे चार बाय सहासाठी १२०० गुणिले १८०० पुरेत. व्हॉट्सअॅपचा फोटोही तिथे निभावून जातो. पण तोच आठ बाय बाराचा करून भिंतीवर लावायचा म्हटलं, तर इंचाला जेमतेम १३३ ठिपके येतात आणि चेहरे धुरकट होतात. त्यामुळे बहिणीकडून फोटो मागवताना ‘‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’’ असं सांगा. तसा तो जशाचा तसा येतो.

दुसरी गोष्ट मापाची. बहुतेक मोबाइल चारास तीन या प्रमाणात फोटो काढतात आणि चार बाय सहाचा कागद असतो तीनास दोन. सहा इंच रुंदी भरायची तर फोटोची उंची साडेचार इंच होते. अर्धा इंच कापला जाणार! प्रिंटरवर सोडलं तर तो वरून-खालून सारखंच कापतो आणि नवरदेवाच्या फेट्याचा तुरा जातो. म्हणून आधी आपणच कापून घ्यायचं. कुठलं जाऊ द्यायचं आणि कुठलं ठेवायचं, हे आपल्याला ठाऊक असतं. चेहऱ्यावर सावली असलेला फोटो किंचित उजळही करावा, कारण मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद देत नाही. पडद्यावर ठीक वाटणारा फोटो कागदावर हमखास थोडा गडद दिसतो.

एवढं सगळं मोबाइलवरच्या ‘स्नॅपसीड’मध्ये फुकटात होतं. संगणक वापरत असाल तर ‘इरफानव्ह्यू’ हा घरगुती वापरासाठी मोफत आणि हलका. जास्त खोलात शिरायचं असेल तर ‘गिंप’ पूर्ण मोफत आहे, मात्र शिकायला चार दुपारी द्याव्या लागतात. आपल्यापैकी अनेकींच्या हाताला बसलेलं ‘पिकासा’ गुगलने २०१६ मध्ये बंद केलं. त्याच्यासारखी निवडानिवड, नावानिशी आणि तारखेनिशी मांडणी हवी असेल तर ‘डिजिकॅम’ हे मोफत सॉफ्टवेअर बघा. प्रिंटर कंपनीचं स्वतःचं अॅपही असतंच. एका पानावर अनेक फोटो, कॅलेंडर वगैरे त्यात आयतं मिळतं. पैसे भरून महागडं सॉफ्टवेअर घ्यायची घरासाठी काहीएक गरज नाही.

एक उपयोगाची युक्ती सांगते. पासपोर्ट साइझ म्हणजे ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो चार बाय सहाच्या एका कागदावर मावतात. कागद आडवा धरायचा, चार-चारच्या दोन ओळी. शाळेच्या प्रवेशाच्या दिवसांत ही युक्ती सोन्याची ठरते. फक्त फॉर्मवर माप वेगळं लिहिलेलं नाही ना, ते आधी वाचा.

पावसाळा आणि मेन स्विच

यंत्र आणलं की त्याचं करणंही आलं. इंकटँक प्रिंटरला महिनोन् महिने उपाशी ठेवू नका. आठवड्यातून एकदा एखादं रंगीत पान छापा, नाहीतर शाई वाळून बारीक छिद्रं बुजतात. मग हेड क्लीनिंग करत बसायचं, आणि त्यात शाई भसाभसा जाते. दुसरं, आपल्याला भिंतीवरचं बटण बंद करायची सवय. प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा आणि तो शांत झाल्यावर मेन स्विच. स्वतःच्या बटणाने बंद होताना तो शाईचं तोंड झाकून ठेवतो. एकदम वीज गेली तर ते उघडंच राहू शकतं.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कागद दमट होतो. उरलेला फोटोकागद मूळ पाकिटात घालून घट्ट बंद डब्यात ठेवावा. इंकजेटचा ताजा फोटो लगेच अल्बममध्ये कोंबू नये, एक दिवस मोकळा वाळू द्यावा. फ्रेम करताना काच फोटोला टेकणार नाही असा कागदी माउंट घालायला सांगावा. नाहीतर दमट हवेत फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहराच निघून येतो. पूर्वीचे चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक ओढायचे अल्बम आठवतात? त्यांतला गोंद फोटो पिवळे पाडतो. खिशांचा साधा अल्बम बरा. आणि डाय-सबची वापरलेली रिबन फेकताना कापून फेका. तिच्यावर छापलेल्या प्रत्येक फोटोची छटा जशीच्या तशी राहिलेली असते. घरातल्या लेकीसुनांचे फोटो कचऱ्यात कशाला जाऊ द्यायचे?

पोथीतला फोटो

मी शेवटी दुसऱ्या प्रकारचं घर ठरले आणि डाय-सब घेतला. पहिल्याच रविवारी पणतूला मांडीवर घेतलेला सासूबाईंचा फोटो छापून त्यांच्या हातात दिला. पंच्याऐंशीच्या पुढच्या आमच्या सासूबाई मोबाइलला हात लावत नाहीत. आम्ही पडदा समोर धरायचो, त्या मान हलवून ‘‘छान’’ म्हणायच्या, तेवढंच. मला वाटायचं, त्यांना फोटोंची हौस नाही. त्या दिवशी त्यांनी फोटो खिडकीपाशी नेला, चष्मा सारखा केला, कितीतरी वेळ पाहिला. मग म्हणाल्या, ‘‘याची जिवणी ह्यांच्यासारखी आहे.’’ सासऱ्यांना जाऊन अठरा वर्षं झाली. त्यांच्याबद्दल त्या आपणहून बोलत नसत. त्या दुपारी तासभर बोलल्या. फोटो आता त्यांच्या पोथीत असतो. लुकलुकणाऱ्या पडद्यावर त्यांना तो चेहरा नीट दिसतच नव्हता आणि तो काही त्यांच्या हातात राहायचाही नाही. घरातल्या किती म्हाताऱ्या माणसांचं असं होत असेल!

मागे नाव लिहा

तर मैत्रिणींनो, प्रिंटर तिसरी पायरी आहे, निवड पहिली. पूर्वी एका रोलमध्ये ३६ फोटो मिळायचे आणि आपण जपून काढायचो. तोच नेम आता निवडताना धरा. सरत्या वर्षातले ३६ फोटो. फार नाही, ३६च. नट्टापट्टा केलेलेच नकोत. स्वयंपाकघरातली आई, दाराशी बसलेले बाबा, जुनं घर विकण्यापूर्वीचं त्याचं अंगण, हेही येऊ देत. ते एका दुपारी घरी छापा नाहीतर लॅबमध्ये टाका, कुठेही छापा.

आणि छापलेल्या प्रत्येक फोटोच्या मागे नाव, गाव, तारीख लिहा. चकचकीत कागदाच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेन दाबलं तर पुढे वण दिसतो. म्हणून सीडीवर लिहायचं बारीक मार्कर घ्या, कडेला हलक्या हाताने लिहा आणि वाळल्याशिवाय एकावर एक ठेवू नका. जुन्या ट्रंकेतल्या फोटोंमध्ये नऊवारीतल्या कितीतरी बायका आज नुसत्याच उभ्या आहेत. त्या कोण, हे सांगणारी माणसं गेली आणि मागे कुणी काही लिहिलेलं नाही. ओळखणारं कुणी घरात असेल, तर या सुट्टीत तो गठ्ठा त्यांच्यापुढे घेऊन बसा. मार्कर जवळ असू द्या.